सव्वीस रेघा

"अगं बाई, उठतेस का आता? शेवटचा स्टॉप आहे हा. सगळे उतरले."

शाई उठली नाही. नदीकाठच्या बावीस पायऱ्यांच्या तळाशी ती बसली होती, पाण्यात उभ्या असलेल्या एका काळ्या-पांढऱ्या खांबाकडे तोंड करून. कंडक्टरने पट्टा ओढून पाहिला, मग बिस्किट दाखवून पाहिलं. तेवढ्यात दुसऱ्या हातातले दोन कुत्र्यांचे पट्टे त्याच्याच पायांभोवती गुंडाळले गेले. एका पट्ट्याला दंतवैद्याचा बटण होता, दुसऱ्याला वखारवाल्याचा फौजदार. फौजदार अंगाने वासराएवढा, पण पाण्यात बदक दिसलं की मालकाच्या मागे लपणारा.

शेवटी कंडक्टरने शाईला सरळ उचललं. कुत्री दिसायला सडपातळ होती, पण उचलल्यावर कळलं की सडपातळपणा नुसता दिसण्यापुरताच आहे. वर येईपर्यंत त्याच्या उजव्या गुडघ्याने दोनदा आवाज दिला. वर आणून तिला खाली ठेवलं, तर ती वळली, तुरुतुरु पायऱ्या उतरली आणि पुन्हा त्या खांबासमोर जाऊन बसली. आता काय करावं माणसाने?

पाच-दहा मिनिटं अशीच गेली. वाळुंजाच्या झाडाखालच्या बाकावर एक बाई डबा खात बसली होती. तिचं खाणं झालं, तिने डब्याचं झाकण दाबलं, टप् असा आवाज आला आणि शाई उठली. अंग झाडलं, बावीस पायऱ्या चढून आली आणि चला, उशीर झाला, अशा चेहऱ्याने पुढे चालायला लागली.

दुसरा कुणी असता तर सुटलो म्हणाला असता. पण कंडक्टरला ते जमणारं नव्हतं.

बत्तीस वर्षं त्याने शहरातल्या गाडीवर तिकिटं फाडली होती. निवृत्त होऊनही लोक त्याला कंडक्टरच म्हणत, आणि तोही कुत्र्यांना "चला, पुढे सरका, दारात गर्दी करू नका" असंच म्हणे. नोकरीबद्दल त्याची तक्रार एकच होती. बत्तीस वर्षं माणसं चढताना पाहिली, उतरताना पाहिली, पण उतरून पुढे कुठे गेली ते काही कळलं नाही. रोज सकाळी हातात रिकामा पिंजरा घेऊन उतरणारा माणूस संध्याकाळी तोच रिकामा पिंजरा घेऊन परत का चढायचा? हा प्रश्न त्याला अजून अधूनमधून छळत असे. बायको म्हणायची, "तुमचं नाक कापून दाराला टांगून ठेवलं ना, तरी ते शेजारी कोण आलंय ते बघून येईल."

कुत्री फिरवायचं काम त्याने पैशापेक्षा त्यासाठीच धरलं होतं. कुत्र्याबरोबर शेवटपर्यंत जाता येतं. झाडांच्या कमानीखालून जाणारी ती नदीकाठची वाट दोन मैलांची, भर उन्हाळ्यातही ओलसर आणि गार. कुठल्या कुत्र्याला कुठल्या झाडाशी काय काम आहे, हे त्याला महिन्याभरात पाठ झालं होतं. फक्त ही नवी आलेली काळी शाई आणि तिचा खांब, हे काय गौडबंगाल होतं ते उलगडेना.

शाईचे मालक त्याच वाटेच्या टोकाला एका तळमजल्यावर राहत. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचं हाड मोडून ते दीड महिन्यापूर्वी अंथरुणाला खिळले होते. बायको नव्हती, मुलगा दुसऱ्या शहरात, फक्त शनिवार-रविवार येणारा. सकाळ-संध्याकाळ नर्स येऊन जाई. गल्लीत त्यांना सगळे मापारी म्हणत. का म्हणत, हेही कंडक्टरला त्याच दिवशी कळलं.

"काका, तुमची कुत्री त्या खांबापाशी बसते आणि उठायचं नाव घेत नाही. काय पुरून ठेवलंय तिथे?"

मापारी पडल्या पडल्या हसले. "बसणारच. वाचन झाल्याशिवाय उठेल कशी ती?"

"कसलं वाचन?"

त्यांनी उशीखालून एक कापडी बांधणीची जाड वही काढली. तिला रुंद रबरी पट्टा लावलेला होता. त्यांनी तो ताणला आणि सोडला. टप्. दाराशी पाय पसरून झोपलेली शाई ताडकन उठून उभी राहिली.

"कळलं?" मापारी म्हणाले. "तो खांब म्हणजे पाण्याची पट्टी. पाणी कुठवर आहे ते बघायचं, वहीत लिहायचं, वही बंद करायची. मग घरी. एकतीस वर्षं नोकरी केली ती हीच. नंतर पुलाला यंत्र बसवलं आणि मला घरी पाठवलं. पण मी जात राहिलो. ही पिल्लू होती तेव्हापासून माझ्याबरोबर आहे."

"निवृत्त झाल्यावर कुणासाठी लिहीत होता?"

"कुणासाठी म्हणजे? अहो, रोज सकाळी जाग आली की वाटतं, आज किती असेल. तुम्हाला नाही असं होत?"

कंडक्टरला पिंजरेवाला आठवला. हा माणूस आपल्या जातकुळीतला आहे, हे त्याला त्याच क्षणी पटलं.

त्याने वही चाळली. पानामागून पान आकडे, सुबक, एकाखाली एक. शेवटच्या दीड पानावर मात्र तारखांपुढे नुसत्या आडव्या रेघा होत्या.

"हे काय?"

"पडलो त्यानंतरचे दिवस. पाहिलं नाही, म्हणून रेघ."

"मग रिकामंच ठेवायचं की."

"रिकामं ठेवलं तर वाटतं, लिहायचं राहून गेलं. रेघ मारली की ज्याला कळायचं त्याला कळतं. अंदाजाने मात्र लिहायचं नाही. आमच्या खात्यात चोऱ्यामाऱ्या करणारेही होते, पण हा नियम तेसुद्धा पाळायचे." मग म्हणाले, "कंडक्टर, तुम्ही तिकडे जाताच आहात तर... ती वही न्या बरोबर, म्हणजे ही उठेल तरी. आणि पट्टीकडे एकदा बघून याल?"

दुसऱ्या दिवशी कंडक्टर बावीस पायऱ्या उतरला, खाली वाकला, चष्मा पुसून पाहिलं आणि परत येऊन दारातूनच ओरडला, "एक मीटर बेचाळीस."

मापाऱ्यांनी पेन्सिल उचलली. त्रेचाळीस रेघांखाली त्यांनी आकडा लिहिला आणि त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिले. त्या चेहऱ्याने कंडक्टरला जिंकलं. माणसाला एवढा आनंद देणारं तिकीट त्याने उभ्या जन्मात फाडलं नव्हतं.

पुढचा दीड महिना मोठा मजेचा गेला. कंडक्टर आकडा सांगायचा आणि मापारी त्या आकड्याची गोष्ट सांगायचे. "तीनने वाढलंय? म्हणजे परवा वर डोंगरात पाऊस झाला असणार. इथवर यायला नदीला दोन दिवस लागतात." किंवा, "चार दिवस हललीच नाही म्हणता? वारा पडलाय. रविवारनंतर बघा, उतरेल." आणि ती खरंच उतरायची. कंडक्टर घरी येऊन बायकोला सांगायचा, उद्या एक मीटर एकोणचाळीस. बायको म्हणायची, "तिकीट फाडून ठेवा तिचं."

मग गुडघ्याने दगा दिला. एका सकाळी तो सुजून भोपळ्याएवढा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, चाला हवं तेवढं, पण जिना वर्ज्य. नदीवर आल्यावर कंडक्टर पायऱ्यांच्या वरच्या टोकालाच थांबला. शाई आपली खाली गेली, खांबासमोर बसली. वरून पट्टी दिसत होती, पण आकडे नुसते मुंग्यांसारखे. त्याने वहीचा पट्टा ताणून सोडला. टप्. शाई वर आली. काम झालं होतं आणि झालंही नव्हतं.

घरात शिरेपर्यंत तो मनाशी घोकत होता, 'काका, आज रेघ मारा.' पण मापारी पेन्सिलीला टोक करून, उशीला टेकून वाट बघत होते. कंडक्टरच्या तोंडून निघून गेलं, "एक मीटर अडतीस." कालचे सदतीस होते. एका सेंटीमीटरने कोणाचं काय जातंय?

खोटं बोलणं हे गर्दीच्या गाडीसारखं असतं. एकाला चढू दिलं की मागचे थांबत नाहीत. दुसऱ्या दिवशीही गुडघा तसाच होता. रोज तोच आकडा सांगितला तर संशय येईल, म्हणून कंडक्टरने खालीवर करायला सुरुवात केली. एकेचाळीस, छत्तीस, चव्वेचाळीस, पस्तीस. सोमवारी गर्दी, मंगळवारी कमी, असा गाडीचा हिशेब त्याच्या हाडीमासी भिनलेला. त्याला वाटलं, नदीचंही असंच असणार. खरी भासवण्याच्या नादात त्याने ती नदी गाडीसारखी चालवली. असे एकूण सव्वीस दिवस गेले.

त्या दिवसांत मापारी आकड्याची गोष्ट सांगत नव्हते. ते चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने रेघ काढत बसायचे आणि ती रेघ करवतीसारखी दिसायची.

"कंडक्टर, पाऊस नाही, वारा नाही, आणि ती अशी का उड्या मारतेय? वरच्या बंधाऱ्याचं दार गळत असेल का? गळत असेल तर खालच्या वस्तीला धोका आहे हो."

"असेल... असेल काहीतरी," कंडक्टर म्हणाला.

"रात्री झोप लागत नाही मला. खात्याला पत्र टाकतो."

कंडक्टरने तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण त्याने बटणचा पट्टा सारखा केला आणि तो बाहेर पडला.

पत्राचं उत्तर म्हणून पुढच्या शनिवारी एक तरुण इंजिनीअर घरी आले. भला माणूस. त्यांनी यंत्राचा आलेख आणला होता. तो महिनाभर जवळजवळ सपाट होता, शेवटी किंचित उतरलेला. त्यांनी मापाऱ्यांची वही पाहिली, त्यांच्या एकतीस वर्षांच्या नोकरीचं कौतुक केलं आणि जाताना दाराबाहेर मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "वय झालं की होतं असं. सांभाळा त्यांना."

हे सगळं कंडक्टरला मुलाकडूनच समजलं, दारातच. मुलाचा चेहरा उतरला होता.

"उद्यापासून यायची गरज नाही," तो म्हणाला. "बाबांना मी तिकडे घेऊन जातोय. एका डॉक्टरांना दाखवायचंय, डोक्याच्या. आमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत, हिच्यासाठी कुणी असेल तर बघा." मग त्याने विचारलं, "आकडे तुम्हीच सांगत होतात ना?"

"हो."

"म्हणजे तुम्ही नीटच सांगत असणार. ते ऐकतात एक आणि लिहितात भलतंच. माझ्या लक्षातच आलं नाही. आठवड्यातून दोन दिवस येऊन काय कळणार?"

आत पलंगावर मापारी भिंतीकडे तोंड करून पडले होते. वही उशीखाली नव्हती, कपाटावर होती, हात पोचणार नाही अशा जागी. ते न वळताच म्हणाले, "कंडक्टर, मी मघाशी नर्सला आकडे सांगायला लावले. दहा ऐकले, दहा लिहिले. दहाही बरोबर आले. पण कुणास ठाऊक. माझंच काहीतरी बिघडलं असेल."

कंडक्टर घरी आला आणि जेवायला बसला नाही. बायकोने दोनदा हाक मारली, मग ती स्वतःच समोर येऊन बसली.

"गुडघा?"

"नाही."

"मग काय ते सांगा. घरातून प्रेत उठल्यासारखा चेहरा केलाय."

त्याने सगळं सांगितलं. तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "बत्तीस वर्षं गाडीत फुकट्यांना पकडत होतात. खाली उतरवताना काय म्हणायचा त्यांना?"

"म्हणायचो, चार लोकांसमोर आता वाटतेय ती लाज आधी वाटली असती तर बरं झालं असतं."

"मग जा. आणि चार लोकांसमोरच जा. मुलगा असेल तेव्हा."

रविवारी सकाळी मापाऱ्यांच्या खोलीत पलंगाशेजारी एक बॅग भरून तयार होती. मुलगा औषधं पिशवीत घालत होता. कंडक्टर दारात उभा राहिला. आत या म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्यालाही आत जाववेना.

"तुमच्या वडिलांचं डोकं ठिकाणावर आहे," तो मुलाला म्हणाला. "आकडे मी बनवले. सव्वीस दिवस मी खाली उतरलोच नाही. वरूनच वहीचा पट्टा वाजवायचो. गुडघा धरला होता, पण ते काही कारण नव्हे. सांगता आलं असतं. काका, मी सांगितलं तेच तुम्ही लिहिलंत. शब्दन् शब्द."

मुलाच्या हातातली बाटली हातातच राहिली. त्याच्या कपाळावरची शीर ताठ झाली आणि तो काहीतरी जबरदस्त बोलणार होता, पण मापाऱ्यांनी हात वर केला. ते कुशीवर वळले. इतका वेळ लागला वळायला, की कंडक्टरला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकोणपन्नास वर्षं ओळखतो मी तिला," ते म्हणाले. "ती अशी वागत नाही, हे मला दिसत होतं. तरी मी शंका घेतली ती तिच्यावर. मग स्वतःवर घेतली. तुमच्यावर काही घेतली नाही."

कंडक्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्याने ते पुसलंही नाही. फौजदार दाराबाहेरून त्याच्या पोटरीला डोकं घासत होता.

"वही दे इकडे," मापारी म्हणाले. मुलाने ती कपाटावरून काढून दिली. "आणि पट्टी दे ती, टेबलावरची. कंडक्टर, आत या. बसा."

त्यांनी त्याच्याकडूनच ते करून घेतलं. एकेक आकडा खोडायचा आणि पुढे रेघ मारायची. एकेचाळीस, रेघ. छत्तीस, रेघ. मापारी तारीख वाचायचे, कंडक्टर पट्टी धरून ओढायचा. रेघ वाकडी आली तर ते पुन्हा मारायला लावत. पंधराव्या दिवसाला मुलाचं मन द्रवलं असावं.

"बाबा, यंत्राचे आकडे आहेत माझ्याकडे. रोजचे. तेच लिहून टाकू ना तिथे."

"ते यंत्राने पाहिलेत. आपण पाहिलेत का?"

"नाही."

"मग रेघ."

सव्विसावी रेघ झाल्यावर त्यांनी पेन्सिल काढून घेतली. आज रविवार, आजची जागा रिकामी होती. ते त्या जागेकडे बघत राहिले, आणि कंडक्टरने न विचारताच शाईचा पट्टा खुंटीवरून काढला.

पायऱ्या तो बसून उतरला, लहान पोरं उतरतात तशी, एकेका पायरीवर टेकत. शाई आधीच खाली पोचली होती आणि मागे वळून बघत होती. वाळुंजाची पानं पाण्यावर पडून तशीच स्थिर होती. त्याने गुडघा सरळ ठेवून अंग पुढे झुकवलं आणि पट्टी वाचली. मग पुन्हा वाचली. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली. एक मीटर तेहेतीस. सव्वीस दिवसांत नदी अगदी सावकाश, कुणाच्या नकळत चार सेंटीमीटर उतरली होती, आणि हे आपण बघायला हवं होतं, असं त्याला फार मनापासून वाटलं.

तो परत आला तेव्हा बॅग पलंगाशेजारी नव्हती. मुलाने ती माळ्यावर टाकली होती आणि तो चहा करत होता. कंडक्टरकडे त्याने पाहिलं नाही, पण कप तीन मांडले होते.

"एक मीटर तेहेतीस," कंडक्टर म्हणाला.

मापाऱ्यांनी ते लिहिलं. पण पहिल्या दिवसासारखं त्या आकड्याकडे बघत बसले नाहीत. लिहिलं, वही बंद केली, चहा घेतला. कंडक्टर उद्या येणार का, हे त्यांनी विचारलं नाही आणि नकोही म्हटलं नाही. तो आपला दुसऱ्या दिवशी गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. बसत, टेकत तो बावीस पायऱ्या उतरायचा, आकडा आणायचा, मापारी लिहायचे. नदीची गोष्ट मात्र ते सांगेनात. कंडक्टरनेही विचारली नाही. विचारायचा हक्क गमावलाय, हे त्याला समजत होतं.

असे तीन आठवडे गेले. मग वर डोंगरात जोराचा पाऊस झाला आणि दोन दिवसांनी नदी गढूळ होऊन आली. त्या सकाळी कंडक्टर पायऱ्यांशी पोचला तर खालच्या नऊ पायऱ्या पाण्याखाली होत्या. खांबाचं वरचं टोक तेवढं दिसत होतं, त्यालाही कुठून तरी वाहत आलेला काडीकचरा अडकलेला. शाई पाण्याच्या कडेपर्यंत गेली आणि तिथेच बसली. कंडक्टर तिच्या शेजारच्या पायरीवर टेकला. किती असेल? साडेतीन? तीन सत्तर? मापाऱ्यांबरोबर इतके दिवस काढल्यावर अंदाज बांधता येण्यासारखा होता, आणि बहुतेक तो बरोबरही निघाला असता. तो बराच वेळ त्या काडीकचऱ्याकडे बघत राहिला.

खोलीत आला तेव्हा त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली होती. मापारी पेन्सिल घेऊन बसले होते.

"काका, पट्टी दिसली नाही. कचरा अडकलाय. आज रेघ."

मापाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग पट्टी घेतली, वहीवर ठेवली आणि सावकाश एक रेघ ओढली. पेन्सिल खाली ठेवली, पण वही बंद केली नाही. मागच्या तीन आठवड्यांचे आकडे ते बोटाने एकेक करून वरून खाली वाचत गेले, जणू आत्ताच कुणी आणून दिले होते.

"मंगळवारी दोनने उतरली होती," ते म्हणाले. "सांगायचं राहिलं तुम्हाला. का उतरली, माहीत आहे?"

"नाही," कंडक्टर म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढून बसला.

बाहेर फौजदार आणि बटण पट्टे गुंतवून ठेवून भुंकत होते, त्यांना घरी जायचं होतं. शाई मात्र ओल्या अंगाने पलंगाशी येऊन बसली होती, कान उभे करून. वही अजून उघडी होती.